‘मला’चं इंग्रजीत काय करायचं? विशेषण आणि ‘टु’ची वाक्यं, पायरीपायरीने

‘मला इंग्रजी बोलणं अवघड जातं’ हे वाक्य इंग्रजीत सांगायला लावलं, तर मराठी माध्यमातून आलेले पुष्कळ जण म्हणतात, ‘आय ॲम डिफिकल्ट टु स्पीक इंग्लिश.’ एकेक शब्द ओळखीचा आहे, तरी वाक्य चुकलेलं आहे. उलट ‘मला तुम्हाला भेटून आनंद झाला’ याचं ‘आय ॲम हॅपी टु मीट यू’ अगदी बरोबर. दोन्ही मराठी वाक्यं ‘मला’ने सुरू होतात. एका ठिकाणी ‘मला’चा ‘आय’ झालेला चालतो, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही. हा फरक एकदा नीट कळला, की विशेषणापुढे क्रियापद जोडण्याची निम्मी अडचण सुटते. म्हणून या लेखात मी सगळ्यात जास्त वेळ त्यावरच घालवणार आहे.

वाचताना एक खूण लक्षात ठेवा. इंग्रजीत टी-ओ असा लिहितात तो शब्द मी इथे ऱ्हस्व ‘टु’ लिहिला आहे. टी आणि पुढे दोनदा ओ असलेला, ‘फारच’ या अर्थाचा शब्द दीर्घ ‘टू’ लिहिला आहे. उच्चारातही हा फरक असतोच.

पहिली पायरी: सांगाडा

आधी विशेषण, मग टु, मग क्रियापदाचं मूळ रूप. रेडी टु गो. हॅपी टु हेल्प. ईझी टु कुक. मूळ रूप म्हणजे काळाची, वचनाची कसलीही खूण न लागलेलं रूप: गो. वेंट नाही, गोज नाही, गोइंगही नाही. कालची गोष्ट सांगतानासुद्धा ‘आय वॉज हॅपी टु मेट हिम’ होत नाही. भूतकाळ ‘वॉज’ने सांगून झालेला असतो, त्यामुळे पुढे ‘मीट’च राहतं. नकार द्यायचा असेल तर ‘नॉट’ हा टुच्या आधी बसतो: ‘बी केअरफुल नॉट टु टच द वायर.’

मराठीत या कामाला एकच एक रूप नाही. आपण ‘जायला तयार’ म्हणतो, ‘भेटून आनंद’ म्हणतो, ‘बोलणं अवघड’, ‘येण्याची शक्यता’, ‘विचारायची भीती’ असं म्हणतो. ही पाच निरनिराळी रूपं इंग्रजीत बहुतेक वेळा एकाच टुवर येऊन थांबतात. त्यामुळे ‘भेटून’साठी ‘बाय मीटिंग’ किंवा ‘आफ्टर मीटिंग’ असं काही शोधत बसू नका. भेटून आनंद झाला म्हणजे हॅपी टु मीट, ऐकून आश्चर्य वाटलं म्हणजे सरप्राइज्ड टु हिअर, बघून वाईट वाटलं म्हणजे सॅड टु सी.

दुसरी पायरी: विशेषण कोणाचं आहे, ते विचारा

वाक्य बोलण्याआधी मनात एकच प्रश्न घ्या: हे विशेषण माणसाला लागतंय की कामाला?

आनंद मला झाला. आनंदी मी आहे. म्हणून ‘आय ॲम हॅपी’. पण अवघड कोण आहे? मी नाही. इंग्रजी बोलण्याचं काम अवघड आहे. म्हणून ‘आय ॲम डिफिकल्ट’ म्हणता येत नाही. तिथे वाक्य ‘इट’ने सुरू होतं आणि ‘मला’ मागे सरकून ‘फॉर मी’ होतो: ‘इट इज डिफिकल्ट फॉर मी टु स्पीक इंग्लिश.’

मराठीत भावना असो, अडचण असो, गरज असो, सगळीकडे ‘मला’ चालतो. मला राग आला, मला जड गेलं, मला शक्य नाही, मला गरजेचं आहे. इंग्रजी मात्र या ‘मला’चे दोन गट करते.

पहिला गट मनाच्या अवस्थेचा. हॅपी, ग्लॅड, सॉरी, सॅड, प्राउड, सरप्राइज्ड, शॉक्ड, रिलीव्ह्ड, डिसअपॉइंटेड. यांच्या शेजारीच तयारी आणि इच्छा सांगणारी विशेषणं येतात: रेडी, विलिंग, ईगर, कीन, रिलक्टंट, अफ्रेड, एबल. या सगळ्यांत माणूस पुढे येतो. ‘माय मदर वॉज रिलक्टंट टु लीव्ह द व्हिलेज.’ गाव सोडायला आईचं मन होत नव्हतं. मन आईचं, म्हणून आई पुढे.

दुसरा गट कामाबद्दलच्या मताचा. ईझी, डिफिकल्ट, हार्ड, इंपॉर्टंट, नेसेसरी, पॉसिबल, इम्पॉसिबल, डेंजरस, सेफ. इथे ‘इट इज’ पुढे येतं. ‘इट इज डेंजरस टु क्रॉस द ट्रॅक्स.’ ‘इट इज नेसेसरी फॉर हर टु टेक धिस मेडिसिन.’

‘मला उद्या येणं शक्य नाही’ याचं ‘आय ॲम नॉट पॉसिबल टु कम’ हे भाषांतर मी सर्वांत जास्त ऐकतो. ‘पॉसिबल’ दुसऱ्या गटातलं, त्यामुळे ‘इट इज नॉट पॉसिबल फॉर मी टु कम टुमॉरो’ असं हवं. व्याकरणाने ते निर्दोष आहे, पण रोजच्या बोलण्यात जरा ताठ वाटतं. साहेबांना फोनवर सांगायचं असेल तर पहिल्या गटातलं ‘एबल’ घ्या: ‘आय वोंट बी एबल टु कम टुमॉरो.’ माझा सल्ला असा, की ‘शक्य’ हा शब्द डोक्यात आला की तोंडात ‘एबल’ आणायची सवयच लावून घ्या. बहुतेक वेळा तेच शोभतं.

भावनेच्या वाक्यांत दोन माणसं आली तर

‘तू पास झालास याचा मला आनंद झाला.’ आनंद माझा, पास होणं तुझं. अशा वेळी टु वापरता येत नाही. ‘आय ॲम हॅपी यू टु पास’ हे वाक्यच नाही. ‘आय ॲम हॅपी दॅट यू पास्ड’ असं सांगायचं, आणि बोलताना ‘दॅट’ गाळला तरी चालतो. हॅपी, सॉरी, प्राउड यांच्यापुढे टु तेव्हाच लावा, जेव्हा भावना आणि क्रिया एकाच माणसाची असते. मी भेटलो आणि मलाच आनंद झाला, तर हॅपी टु मीट.

ओळख होताना ‘नाइस टु मीट यू’ म्हणतात, तेही याच घरातलं. निघताना ‘नाइस मीटिंग यू’ किंवा ‘इट वॉज नाइस टु मीट यू’ म्हणायची पद्धत आहे. त्याच माणसाला पुढे कधी भेटलात तर ‘मीट’ पुन्हा वापरू नका, ‘नाइस टु सी यू अगेन’ म्हणा.

‘सॉरी’कडे थोडं जास्त लक्ष द्या, कारण नाजूक प्रसंगी आपल्याला तोच लागतो. कोणाकडे दुःखद घटना घडली असेल तर नुसतं ‘सॉरी’ तुटक वाटतं. ‘आय वॉज व्हेरी सॉरी टु हिअर अबाउट युअर फादर’ या वाक्यात आपलेपणा आहे. कामात मग्न असलेल्या माणसाला मध्येच हाक मारताना ‘सॉरी टु डिस्टर्ब यू’. पण हातून कप फुटला, निरोप द्यायचा राहिला, अशी घडून गेलेली चूक असेल तर टुच्या वाटेला न जाता सरळ सांगावं: ‘आय ॲम सॉरी आय ब्रोक युअर कप.’

तिसरी पायरी: ‘वाचायला सोपं’

इथे मराठी माणसाला फायदा आहे. ‘हे पुस्तक वाचायला सोपं आहे’ याचं इंग्रजी जवळजवळ शब्दाला शब्द ठेवून होतं: ‘धिस बुक इज ईझी टु रीड.’ ‘वाचायला’च्या जागी ‘टु रीड’ आलं, बस्स. दोनच गोष्टी सांभाळायच्या.

पहिली, शेवटी ‘इट’ लावायचा नाही. ‘धिस बुक इज ईझी टु रीड इट’ चूक आहे, कारण काय वाचायचं ते सुरुवातीलाच येऊन गेलं.

दुसरी गोष्ट मराठीमुळे हमखास सुटते. ‘ही खुर्ची बसायला आरामशीर आहे’ म्हणताना आपण ‘वर’ म्हणत नाही. इंग्रजीत मात्र ‘ऑन’ शेवटी यायलाच हवा: ‘धिस चेअर इज कम्फर्टेबल टु सिट ऑन.’ कारण आपण ‘सिट अ चेअर’ म्हणत नाही, ‘सिट ऑन अ चेअर’ म्हणतो. तसंच ‘शी इज ईझी टु टॉक टु’, म्हणजे तिच्याशी मोकळेपणाने बोलता येतं. ‘धिस पेन इज नाइस टु राइट विथ.’ शेवटचा छोटा शब्द लोंबकळल्यासारखा वाटतो, पण तो तिथेच हवा.

आता पुन्हा त्या ‘आय ॲम डिफिकल्ट’कडे वळू. कोणी ‘मला समजायला अवघड जातं’ या अर्थाने ‘आय ॲम डिफिकल्ट टु अंडरस्टँड’ म्हणालं, तर ऐकणाऱ्याला ते वाक्य बिनचूक वाटतं, पण अर्थ उलटा पोचतो: ‘मी समजायला अवघड माणूस आहे.’ पुस्तक वाचायला सोपं, तसा मी समजायला अवघड. मुलाखतीत ‘मी पटकन शिकतो’ म्हणायचं असताना ‘आय ॲम ईझी टु लर्न’ म्हटलं, तर समोरच्याला कळत नाही की तुम्हाला कोण शिकणार आहे. तिथे ‘आय ॲम क्विक टु लर्न’ किंवा साधं ‘आय लर्न क्विकली’ म्हणा. नुसती चूक समोरचा सांभाळून घेतो. बरोबर दिसणारं वाक्य उलटा अर्थ सांगून गेलं, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून मी या जागेला इतकं महत्त्व देतो.

भाषाशास्त्रातही ही जागा प्रसिद्ध आहे. नोम चॉम्स्की यांनी १९६०च्या दशकात दोन वाक्यं शेजारी ठेवली: ‘जॉन इज ईगर टु प्लीज’ आणि ‘जॉन इज ईझी टु प्लीज’. वरून दोन्ही सारखी. पहिल्यात जॉन दुसऱ्यांना खूश करायला धडपडतोय, दुसऱ्यात दुसऱ्यांनी जॉनला खूश करणं सोपं आहे. त्यांच्या पत्नी, भाषाशास्त्रज्ञ कॅरल चॉम्स्की यांनी पाच ते दहा वर्षांच्या, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या मुलांपुढे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि विचारलं, ही बाहुली ‘ईझी टु सी’ आहे की ‘हार्ड टु सी’? त्यांचा हा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध झाला. बाहुली समोरच होती, म्हणजे दिसायला सोपी. पण लहान वयाची बरीच मुलं ‘हार्ड टु सी’ म्हणाली, कारण त्यांच्या मते बघणारी बाहुली होती आणि तिचे डोळे तर बांधलेले. वय वाढलं तशी उत्तरं बरोबर येत गेली. ज्यांच्या घरातच ही भाषा आहे त्या मुलांनाही इथे वेळ लागतो. तुम्ही अडखळलात तर त्यात कमीपणा काहीच नाही.

या साच्यात सगळी विशेषणं बसत नाहीत. ईझी, हार्ड, डिफिकल्ट, सेफ, डेंजरस, इम्पॉसिबल बसतात. इंपॉर्टंट आणि नेसेसरी बसत नाहीत, म्हणून ‘वॉटर इज इंपॉर्टंट टु ड्रिंक’ नको, ‘इट इज इंपॉर्टंट टु ड्रिंक वॉटर’ हवं. आणि एक विचित्र गोष्ट: ‘धिस लॉक इज इम्पॉसिबल टु ओपन’ चालतं, पण ‘पॉसिबल टु ओपन’ चालत नाही. याचं कारण शोधू नका, कानाला सवय करा.

चौथी पायरी: ‘फॉर’ की ‘ऑफ’

‘इट इज ईझी फॉर यू टु से’ पण ‘इट वॉज काइंड ऑफ यू टु हेल्प’. ठरवायचं कसं? ‘यू आर’ लावून बघा. यू आर काइंड: अर्थ लागतो, तुम्ही दयाळू आहात. मग ऑफ. यू आर ईझी: तो अर्थच नाही. मग फॉर. माणसाच्या स्वभावावर किंवा वागण्यावर शेरा असेल तिथे ऑफ येतो: काइंड, नाइस, जेनरस, फूलिश, रूड, केअरलेस. ‘इट वॉज केअरलेस ऑफ मी टु लीव्ह द डोअर ओपन.’

‘गुड’ दोन्हींकडे जातो आणि अर्थ बदलतो. ‘इट वॉज गुड ऑफ यू टु कम’ म्हणजे तुम्ही आलात, हा तुमचा चांगुलपणा. ‘इट इज गुड फॉर यू टु वॉक’ म्हणजे चालणं तुमच्या तब्येतीला चांगलं. पाहुण्याला निरोप देताना यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पाचवी पायरी: ‘टू’ आणि ‘इनफ’

आपल्याकडे ‘टू गुड’, ‘टू ब्यूटिफुल’ असं कौतुकाने म्हणायची सवय पडली आहे. मित्रमंडळींत ठीक. पण टूच्या मागून टु आला की त्यात नकार दडलेला असतो. ‘द टी इज टू हॉट टु ड्रिंक’ म्हणजे चहा इतका गरम आहे की पिताच येत नाही. वाक्यात ‘नॉट’ कुठेही नाही, तरी अर्थ नकाराचा. नुसतं ‘खूप गरम’ सांगायचं असेल तर ‘व्हेरी हॉट’ म्हणा.

‘इनफ’ याच्या उलट, म्हणजे पुरेसं, आणि तो विशेषणाच्या मागे बसतो. ‘इनफ ओल्ड’ नाही, ‘ओल्ड इनफ’. भारतात मतदानाचं वय १९८९ साली २१वरून १८वर आलं. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मुलीबद्दल १९८५ साली ‘शी इज टू यंग टु व्होट’ म्हणावं लागलं असतं, आज ‘शी इज ओल्ड इनफ टु व्होट’ म्हणता येतं.

शक्यता आणि खात्री

‘तो येण्याची शक्यता आहे’ साठी ‘ही इज लाइकली टु कम’. इथे ‘पॉसिबल’ला हात लावू नका. ‘शुअर’ मात्र जपून वापरा. ‘ही इज शुअर टु विन’ यात खात्री बोलणाऱ्याची आहे: तो नक्की जिंकणार, असं मी म्हणतोय. ‘ही इज शुअर ऑफ विनिंग’ यात खात्री त्याची स्वतःची आहे.

‘पहिला’, ‘शेवटचा’, ‘एकमेव’ यांनंतरही टु छान बसतो. हेलसिंकीला १९५२ साली कांस्यपदक मिळवणाऱ्या खाशाबा जाधवांबद्दल सांगायचं तर: ‘ही वॉज द फर्स्ट ॲथलीट फ्रॉम इंडिपेंडंट इंडिया टु विन ॲन इंडिव्हिज्युअल ऑलिम्पिक मेडल.’ मराठीतलं ‘जिंकणारे पहिले’ इथे ‘फर्स्ट टु विन’ झालं.

सहावी पायरी: जिथे टु चालत नाही

काही विशेषणं टु घेतच नाहीत. वाचण्यासारखं पुस्तक ‘वर्थ रीडिंग’ असतं, ‘वर्थ टु रीड’ नाही. स्वयंपाकात गुंतलेला माणूस ‘बिझी कुकिंग’. ‘एबल टु डू’ बरोबर, पण ‘केपेबल’ला ‘ऑफ डूइंग’ लागतं. फॉन्ड ऑफ, टायर्ड ऑफ, गुड ॲट यांच्यापुढेही आयएनजीचं रूप.

‘अफ्रेड’ दोन्हीकडे आहे. ‘मला पाण्यात उतरायची भीती वाटते’ आणि ‘मला बुडायची भीती वाटते’, मराठीत दोन्हीकडे एकच रूप. इंग्रजीत पहिलं ‘आय ॲम अफ्रेड टु गेट इंटु द वॉटर’, कारण उतरायचं की नाही हे माझ्या हातात आहे आणि भीतीने मी उतरत नाही. दुसरं ‘आय ॲम अफ्रेड ऑफ ड्राउनिंग’, कारण बुडणं कोणी ठरवून करत नाही, ते घडू नये असं वाटतं.

सगळ्यात फसवा आहे ‘युज्ड टु’. ‘मला लवकर उठायची सवय आहे’ हे ‘आय ॲम युज्ड टु गेटिंग अप अर्ली’. टु दिसतोय, तरी पुढे ‘गेटिंग’. ओळखायची युक्ती अशी, की टुच्या पुढे ‘इट’ ठेवून वाक्य संपवून बघा. ‘आय ॲम युज्ड टु इट’: मला त्याची सवय आहे. वाक्य पुरं झालं, म्हणजे पुढे आयएनजी येणार. ‘आय ॲम रेडी टु इट’: अधांतरी राहिलं, म्हणजे पुढे मूळ क्रियापद. ईमेलच्या शेवटी येणारं ‘लुकिंग फॉरवर्ड टु’ याच चाचणीने पहिल्या बाजूला जातं, म्हणून ‘लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू’. आणि ‘आय युज्ड टु लिव्ह इन नाशिक’ ही अगदी निराळी गोष्ट. त्यात ‘ॲम’ नाही आणि अर्थ ‘पूर्वी राहायचो’ असा आहे.

बोलताना

आपण टुवर जोर देतो आणि त्यामुळे वाक्य तुटक ऐकू येतं. जोर विशेषणावर आणि क्रियापदावर द्या. मधला टु व्यंजनाच्या आधी जवळजवळ ‘ट’ इतकाच उरतो: हॅपी-ट-हेल्प. ‘ग्लॅड टु’ म्हणताना ड आणि ट वेगळे फोडू नका, जीभ एकदाच टेकवा. ऑफिसात रोज लागणारी चार वाक्यं मोठ्याने म्हणून घोटा: ‘आय ॲम हॅपी टु हेल्प.’ ‘प्लीज फील फ्री टु कॉल मी.’ ‘यू आर वेलकम टु स्टे.’ ‘आय ॲम अनेबल टु अटेंड द मीटिंग.’

हात चालवा

खालची सहा वाक्यं आधी स्वतः करा, उत्तरं झाकून ठेवा. १. मला गाडी चालवायची भीती वाटते. २. मला मराठीत टाइप करणं सोपं जातं. ३. गाडी उशिरा येण्याची शक्यता आहे. ४. तुम्ही फोन केलात, हा तुमचा चांगुलपणा. ५. ही पिशवी इतकी जड आहे की उचलवत नाही. ६. तुला नोकरी लागली, मला फार आनंद झाला.

उत्तरं अशी. १. आय ॲम अफ्रेड टु ड्राइव्ह. २. इट इज ईझी फॉर मी टु टाइप इन मराठी. ३. द ट्रेन इज लाइकली टु बी लेट. ४. इट वॉज नाइस ऑफ यू टु कॉल. ५. धिस बॅग इज टू हेवी टु लिफ्ट. शेवटी ‘इट’ लावला असेल तर तिसरी पायरी परत वाचा. ६. आय ॲम सो हॅपी दॅट यू गॉट द जॉब. इथे टु लावला असेल, तर आनंद कोणाचा आणि नोकरी कोणाची ते पुन्हा विचारा, आणि घरातल्या कोणाबद्दल तरी असंच एक वाक्य लगेच करून बघा.